युद्धानंतरच्या ब्रिटनमधला रेडिओचा एक दिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांचे, रेडिओ उघडायचे, साफ करायचे आणि जमलं तर बोलते करायचे, हा माझा नाद. घरी आलेला माणूस सेटच्या काचेवरची परदेशी केंद्रांची नावं वाचतो, हिल्व्हरसम, ॲथलोन, लक्झेंबर्ग, आणि मग प्रश्न सुरू होतात. बहुतेक सेट विलायती बनावटीचे किंवा विलायती कंपन्यांचे, त्यामुळे बोलणं फिरून फिरून ब्रिटनवर येतं. तेच ते सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं. दिवस धरला आहे १९५१ च्या आसपासचा, साधा कामाचा वार. युद्ध संपून सहा वर्षं झालेली, तरी मांस, लोणी, साखर, चहा अजून रेशनवर.

तिथे सरकारी रेडिओ होता ना, आपल्या आकाशवाणीसारखा?

नाही. बीबीसी हे सरकारी खातं नव्हतं. १९२७ पासून ती राजाच्या सनदेवर चालणारी स्वतंत्र संस्था होती. मक्तेदारी मात्र पक्की. देशाच्या भूमीवरून रेडिओ प्रक्षेपण करण्याचा हक्क दुसऱ्या कोणालाही नव्हता, आणि ही स्थिती १९७३ पर्यंत टिकली. जाहिरात एकही नाही. कार्यक्रमात कुठल्या साबणाचं नाव चुकून निघालं तरी निर्मात्याच्या पोटात गोळा यायचा.

एकाच संस्थेची तीन केंद्रं कशाला?

युद्धकाळात घरच्या श्रोत्यांसाठी होम सर्व्हिस होती आणि फौजेसाठी वेगळा कार्यक्रम. २९ जुलै १९४५ ला फौजेच्या कार्यक्रमाच्या जागी ‘लाइट प्रोग्रॅम’ आला : गाणी, विनोद, मालिका. होम सर्व्हिसकडे बातम्या, भाषणं, नाटकं, शाळांचे पाठ. ती प्रांतवार थोडी वेगळी ऐकू यायची. २९ सप्टेंबर १९४६ ला तिसरा आला आणि त्याचं नावही ‘थर्ड प्रोग्रॅम’ असंच ठेवलं. तो संध्याकाळी सहानंतर लागायचा, आणि त्यात अख्खा ऑपेरा, ग्रीक नाटक, तत्त्वज्ञांची व्याख्यानं. वेळेचं बंधन त्याने मुद्दामच मानलं नाही. चीज जितकी लांब तितका वेळ.

त्यावेळचे महासंचालक विल्यम हेली यांच्या डोक्यात एक पिरॅमिड होता. पायथ्याला लाइट, मधे होम, टोकाला थर्ड. आणि श्रोता हळूहळू पायऱ्या चढत वर जाईल. श्रोता काही चढला नाही. बहुतेक मंडळी पायथ्याशी मजेत बसून राहिली आणि थर्डच्या वाट्याला जेमतेम एखादा टक्का आला. मला हेलींची कीव येत नाही. चढणारे थोडे असतात म्हणून जिनाच बांधायचा नाही, असं त्यांनी केलं नाही हे महत्त्वाचं.

रेडिओ लावणं म्हणजे नेमकं काय करावं लागे?

बटण दाबलं की आवाज, असं नव्हतं. खुंटी पिळली की ‘टक्’ व्हायचं, काचेमागचा दिवा पेटायचा, आणि मग अर्धा मिनिट काहीच नाही. आतले व्हॉल्व्ह तापायचे. आधी बारीक गुणगुण, मग खालून वर यावा तसा माणसाचा आवाज. बातम्या सातला असतील तर सेट सातला दोन मिनिटं कमी असताना लावायचा, हे घराघरात ठरलेलं. तापलेल्या बेकलाइटचा, धुळीचा आणि मेणाचा मिळून एक वास येतो. तो वास आजही माझ्या टेबलावर येतो, आणि आला की समजायचं, सेट जिवंत आहे.

ही चैन ज्यांच्याकडे वीज होती त्यांची. खेड्यांत आणि जुन्या चाळवजा घरांत वीज नसे, तिथे रेडिओ बॅटरीवर. त्यातही दोन प्रकारच्या बॅटऱ्या लागायच्या. एक कोरडी, १२० व्होल्टची, महाग, संपली की फेकायची. दुसरी काचेच्या चौकोनी बरणीतली, आत शिशाचे पत्रे आणि आम्ल, दोन व्होल्टची, वरती धरायला तारेची कडी. ही उतरली की सायकलच्या दुकानात किंवा गॅरेजात चार्जिंगला टाकायची आणि भरलेली दुसरी घेऊन यायची. हे काम पोरांचं. बरणी हलली की आम्ल बाहेर, आणि आम्ल चड्डीवर सांडलं की धुतल्यावर तिथे भोक. त्या पिढीतल्या कोणत्याही इंग्रज म्हाताऱ्याला विचारा, ही बरणी त्याला आठवतेच. शनिवारी रात्रीचं नाटक ऐकायचं म्हणून आठवडाभर रेडिओ जपून वापरायचा, हेही ओघानेच आलं.

काही शहरांत तिसरीच सोय होती. सेट घ्यायचाच नाही; केबलवाल्यासारखी एक कंपनी घरात तार आणून द्यायची, भिंतीवर भोंगा आणि एक फिरती खुंटी. आठवड्याला थोडे पैसे दिले की झालं.

सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय लागायचं?

सातला होम सर्व्हिसवर बातम्या आणि हवामान. तासाला ग्रिनिचचे सहा ठोके, पिप-पिप-पिप, १९२४ पासून चालत आलेले. गिरणीतला कामगार, शाळेतला मास्तर, स्टेशनवरचा माणूस, सगळे त्यावर घड्याळ लावायचे. मला विचाराल तर त्या देशात रेडिओचं खरं काम हेच होतं. ऐकणं नंतर, आधी दिवस लावून घेणं. आठच्या बातम्या लागल्या आणि पोरगं अजून अंथरुणात असेल तर त्याची शाळा चुकली.

नऊला लाइट प्रोग्रॅम जागा व्हायचा आणि नऊ दहाला गृहिणींच्या फर्माईशी. १९४६ च्या मार्चमध्ये सुरू झालेला ‘हाउसवाइव्ह्ज चॉइस’. पोस्टकार्डं ढिगाने यायची. भांडी घासणाऱ्या हातांसाठी असलेला हा कार्यक्रम आजारपणाची सुट्टी घेतलेल्या नवऱ्यांनीही भरपूर ऐकला.

सव्वादहाला होम सर्व्हिसवर रोजची प्रार्थना. त्याच्या आगेमागे शाळांचे कार्यक्रम. वर्गात एक मोठा भोंगा, लाकडी पेटीतला. मास्तर काटा जुळवणार आणि चाळीस पोरं लंडनहून येणाऱ्या बाईच्या सूचनेवर झाडासारखी डुलणार. हसू येतं, पण देशभरच्या हजारो वर्गांत एकाच क्षणी सगळी पोरं झाडं झालेली असायची.

साडेदहाला लाइटवर ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’. हा युद्धातला, १९४० चा. कारखान्यात उत्पादन वाढावं म्हणून अर्धा तास सलग वाजणारं संगीत, आणि त्याचे नियम एखाद्या औषधाच्या चिठ्ठीसारखे. लय फार बदलायची नाही. फार हळू नको, कामगार पेंगेल. यंत्राच्या घरघरीत हरवतील असे बारीक तुकडे नकोत. एका अमेरिकन गाण्याला तर साफ मनाई होती, कारण त्याच्या ध्रुपदात टाळ्यांची जागा होती आणि कामगार हातातलं सोडून टाळ्या वाजवायचे, नाहीतर पान्याने समोरच्या लोखंडावर ठोकायचे.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत आठवड्यातून काही वेळा ‘वर्कर्स प्लेटाइम’. कलावंतांची टोळी सामान घेऊन खऱ्याखुऱ्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जायची आणि तिथूनच थेट प्रक्षेपण. युद्धात कारखान्याचा पत्ता गुप्त ठेवावा लागे म्हणून ‘ब्रिटनमधल्या कुठल्याशा कारखान्यातून’ असं सांगायची पद्धत पडली. आपल्या मुंबई केंद्रावरच्या कामगारांच्या कार्यक्रमाची आठवण होईल, पण इथे मागे खरी ताटं-काटे वाजायचे. त्याच्या निर्मात्याचं नाव होतं बिल गेट्स. थट्टा नाही, खरंच. शेवटी तो सगळ्या कामगारांना शुभेच्छा द्यायचा.

पावणेदोनला, १९५० च्या जानेवारीपासून, अगदी छोट्यांसाठी पंधरा मिनिटं. ‘नीट बसलात ना? मग करते सुरुवात’ अशा अर्थाचं वाक्य निवेदिका म्हणायची आणि मग गोष्ट. वाक्य आधी सहज निघालं, नंतर ते सगळ्या देशाच्या तोंडी बसलं. दोनला स्त्रियांचा तास. चारला ‘मिसेस डेल्स डायरी’, म्हणजे एका डॉक्टरच्या बायकोची रोजनिशी. मध्यमवर्गीय घर, चहा, सासू-जावई, आणि नवऱ्याची सततची काळजी. कालचा भाग चुकला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पुन्हा. पाचला होम सर्व्हिसवर मुलांचा तास. सहाला बातम्या. पावणेसातचं वेगळं सांगतो. सातला लाइटवर बातम्यांचं वार्तापत्र. मग रात्रीची करमणूक, आणि नऊला होम सर्व्हिसवर बिग बेनचे टोले. युद्धात त्या टोल्यांच्या वेळी घरोघरी माणसं गप्प उभी राहायची. शांततेच्या काळात उभं कोणी राहत नसे, पण बोलणं थांबायचं.

बायकांचा कार्यक्रम पुरुष चालवायचा, हे खरं का?

खरं आहे. ७ ऑक्टोबर १९४६ ला दुपारी दोनला ‘विमन्स आवर’ सुरू झाला तेव्हा सूत्रधार होते ॲलन आयव्हिमी नावाचे गृहस्थ. बायकांना दुपारचं जेवण आणि चेहऱ्याची निगा यावर धडे. वृत्तपत्रांनीही नाक मुरडलं आणि बायकांनीही पत्रांतून सुनावलं. आयव्हिमी फार टिकले नाहीत.

दोनचीच वेळ का? दुपारचं जेवण उरकलेलं, भांडी निघालेली, लहान मूल झोपलेलं आणि मोठं अजून शाळेत. घरातल्या बाईचा तो एकच मोकळा तास आहे, असा हिशेब होता. त्या हिशेबातच तिच्या दिवसाचं चित्र आलं. पण कार्यक्रम लवकरच शहाणा झाला. पहिल्या दोन-तीन वर्षांतच रजोनिवृत्तीवर उघड बोलणं झालं, आणि जेवणाच्या टेबलावर ज्याचं नाव निघत नाही ते भरदुपारी रेडिओवर, म्हणून गदारोळही झाला. हा कार्यक्रम अजून चालू आहे.

पावणेसातला काय व्हायचं?

रस्ते ओस पडायचे. ७ ऑक्टोबर १९४६ लाच, ज्या दिवशी दुपारी बायकांचा तास सुरू झाला त्याच संध्याकाळी, डिक बार्टन अवतरला. फौजेतून सुटलेला अधिकारी, दोन जिवाभावाचे साथीदार, रोज पंधरा मिनिटं, आणि शेवटी नायक हटकून एखाद्या तळघरात कोंडलेला, पाणी वर चढत असलेलं. सुरुवातीची धून अशी धावती की ती कानावर पडली की पोरं मैदानातून पळत सुटायची. ऐन भरात दीड कोटी लोक ऐकत होते.

पोरं इतकी ऐकतात म्हटल्यावर पालक आणि पाद्री घाबरले. मग बीबीसीने बार्टनसाठी आचारसंहिता लिहिली. त्याने शिवी द्यायची नाही. दारू सोडायची. मारामारी फक्त निरुपाय झाल्यावर. प्रेमप्रकरण वर्ज्य. बिचारा बॉम्ब निकामी करायचा आणि वर लेमोनेड प्यायचा.

१९५१ ला त्याच्या जागी कोण आलं? शेतकरी. युद्धानंतर अन्नधान्य वाढवायचं होतं, शेतकऱ्याला नवी खतं, नवी जनावरं, नवे रोग समजावायचे होते, आणि तांत्रिक भाषणं तो ऐकत नव्हता. शेतकऱ्यांच्या एका बैठकीत कोणी तरी बोलून गेलं, आम्हाला शेतीतला डिक बार्टन द्या. बर्मिंगहॅमच्या गॉडफ्री बेझली यांनी ते मनावर घेतलं. ‘दि आर्चर्स’ १ जानेवारी १९५१ पासून देशभर ऐकू येऊ लागली. आधी दुपारी पावणेबाराला, आणि ईस्टरच्या सुमारास बार्टन संपल्यावर पावणेसातला. गायीच्या आजाराची माहिती नवरा-बायकोच्या भांडणात पेरलेली. आपल्याकडे आमची माती आमची माणसं बघून वाढलेल्या कोणालाही हे कसब कळेल, फक्त इथे त्याला मालिकेचं सूत होतं. पोरं हिरमुसली. मालिका मात्र आजही चालू आहे, आणि त्या आंब्रिज गावात पिढ्या बदलल्या.

विनोद म्हणे इतका सोवळा होता की हसू कशाला येईल?

सोवळा होता, पण हसू भरपूर यायचं. १९४९ मध्ये विनोदी कार्यक्रमांच्या लेखकांसाठी बीबीसीने एक छोटं नियमपुस्तक काढलं. त्याचं मुखपृष्ठ हिरवं, म्हणून नावच ‘ग्रीन बुक’ पडलं. त्यात काय चालणार नाही याची यादी आहे, आणि ती यादी हाच एक उत्तम विनोद आहे. संडासावर विनोद नको. बायकी पुरुषांवर नको. मधुचंद्राचं जोडपं, हॉटेलातली मोलकरीण, अंजिराचं पान, बायकांचे अंतर्वस्त्र, ससे, घरातला भाडेकरू आणि फिरता विक्रेता, यांवरून सूचक बोलणं नको. ससे का, हे ज्याला कळलं त्याला पुढचं सगळं कळलंच.

त्यामुळे लेखक शब्दांच्या खेळात तरबेज झाले. फ्रँक म्युअर आणि डेनिस नॉर्डन ही जोडी त्यातूनच घडली. वर्षानुवर्षं दर गुरुवारी लोकांना हसवणारा टॉमी हँडली जानेवारी १९४९ मध्ये अचानक गेला. शेवटचा कार्यक्रम करून तीन दिवस झाले होते. त्याच्यासाठी लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये प्रार्थनासभा झाली, एका विदूषकासाठी. विल्फ्रेड पिकल्स गावोगावी फिरून साध्या लोकांना चार प्रश्न विचारायचा आणि उत्तर येवो न येवो, आपल्या यॉर्कशायरी हेलात पैसे द्यायला सांगायचा. बक्षीस जेमतेम दोन पौंडांच्या आतलं, वर गावची अंडी, लोणचं. हाच पिकल्स युद्धात काही काळ बातम्या वाचायचा, तेव्हा त्याच्या उत्तरेकडच्या हेलामुळे लोकांनी तक्रारी केल्या होत्या; बातमी दक्षिणेच्या शुद्ध उच्चारात आली नाही तर ती खरी वाटत नाही म्हणे. पुण्याच्या वाचकांना यावर काही वेगळं सांगायला नको.

आणि एक नवल. रेडिओवर बोलक्या बाहुल्यांचा खेळ. पीटर ब्रो हा शब्दभ्रमकार आणि त्याची बाहुली आर्ची. बाहुली दिसतच नाही, ओठ हलतात की नाही कोण बघतंय? तरी लाखो लोकांनी ऐकला. ब्रोचे ओठ हलायचे असं प्रत्यक्ष पाहणारे सांगत, म्हणजे रेडिओ त्याला फळलाच.

‘गून शो’चा आणि आपल्या नगरचा काही संबंध आहे का?

आहे, आणि हे फार जणांना ठाऊक नसतं. ‘गून शो’चा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन, त्याचा जन्म १६ एप्रिल १९१८ चा, अहमदनगरचा. वडील ब्रिटिश हिंदी फौजेत. बालपणाचा मोठा भाग पुण्यात, कॅम्पात, मग रंगून. विलायतेत गेला तेव्हा पोर वयात आलेलं होतं आणि तिथलं थंड, काटकसरी, मळकट जगणं त्याला परकं वाटलं.

२८ मे १९५१ ला त्याचा, पीटर सेलर्सचा, हॅरी सीकमचा आणि मायकेल बेंटीनचा कार्यक्रम पहिल्यांदा लागला, तेव्हा नाव वेगळं होतं, ‘गून शो’ नंतर झालं. यात कथानकाला शेंडा-बुडखा नाही. आवाजच नाचतात : दरवाजा उघडतो तो संपतच नाही, माणूस स्फोटात उडतो आणि पुढच्या वाक्याला हजर. पात्रांत मेजर ब्लडनॉक नावाचा पळपुटा, पैसेखाऊ फौजी अधिकारी, थेट कँटोनमेंटातून उचललेला. कार्यक्रमात मधेच हिंदुस्थानी बाबूंच्या नकला येतात, त्या आज कानाला खटकतात आणि खटकाव्यात. पण साहेबाच्या फौजेची इतकी निर्घृण टर साहेबाच्याच रेडिओवर उडवणारा माणूस छावणीत वाढला होता, हे ऐकताना विसरता येत नाही. दर आठवड्याला लिहायच्या ताणाने मिलिगनची मनःस्थिती ढासळली. इस्पितळात जावं लागलं. हसणाऱ्यांना तेव्हा त्याचा पत्ता नव्हता.

पैसे कोण द्यायचं?

श्रोता. वर्षाचं लायसन, पोस्टात भरायचं. सुरुवातीला १० शिलिंग, १ जून १९४६ पासून एक पौंड. टीव्ही असेल तर दोन. १९५० च्या सुमारास सुमारे १ कोटी २० लाख लायसनं होती, म्हणजे जवळजवळ घरटी एक. आपल्याकडेही रेडिओचं लायसन पोस्टात भरावं लागे. माझ्या वडिलांचं पुस्तक अजून कपाटात आहे, शिक्क्यांसकट.

गाण्यांच्या तबकड्या इतक्या कमी का वाजवत?

तबकडी कंपन्या आणि वादकांची संघटना यांनी बीबीसीला तासांची मर्यादा घालून दिली होती. तबकडीच वाजत राहिली तर जिवंत वादक उपाशी मरेल, असं संघटनेचं म्हणणं. म्हणून दिवसभर वाद्यवृंद स्टुडिओत प्रत्यक्ष बसून वाजवायचे. सकाळी नऊला सनईवाल्याला जांभई आली तर ती देशभर जायची.

मग तरुण पोरं काय ऐकायची?

रात्री काटा सरकवून लक्झेंबर्ग. त्या चिमुकल्या देशातून इंग्रजीत व्यापारी प्रक्षेपण व्हायचं, जाहिरातींसकट. १९५१ पासून २०८ मीटरवर. रविवारी रात्री अकराला आठवड्याची वीस लोकप्रिय गाणी. क्रम तबकड्यांवर नव्हे, गाण्याच्या छापील स्वरलिप्या किती खपल्या त्यावर. आवाज येई-जाई, लाट आल्यासारखा. सर्वांत आवडीच्या गाण्याच्या कडव्यालाच नेमका बुडायचा. पांघरुणाखाली रेडिओ घेऊन ऐकल्याचं जे सांगतात ते मात्र बहुतेक १९५६ नंतरचं, ट्रान्झिस्टर आल्यावरचं. व्हॉल्व्हचा सेट पांघरुणात घेतला तर गादी पेटेल.

आपल्याकडे जोड तंतोतंत आहे. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांनी, हे पुण्याचेच, आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार केलं आणि अख्खा देश सिलोनकडे वळला. हेलींनी पायऱ्या बांधल्या, केसकरांनी पायथाच बंद केला. श्रोता दोन्हीकडे काट्यानेच उत्तर देऊन मोकळा झाला.

रविवार वेगळा असे का?

फार. दुपारी बाराला ‘टू-वे फॅमिली फेव्हरिट्स’. जर्मनीत तैनात सैनिक आणि घरची माणसं एकमेकांसाठी गाणी मागायची; अर्धा कार्यक्रम लंडनहून, अर्धा हँबुर्गहून, तारेने जोडलेला. लंडनच्या टोकाला जीन मेटकाफ, हँबुर्गच्या टोकाला क्लिफ मिशेलमोर. दोघं एकमेकांना न बघताच आवाजाच्या प्रेमात पडली आणि १९५० मध्ये लग्न केलं. त्या पिढीतल्या लोकांना आजही ती धून ऐकली की ओव्हनमधल्या मांसाचा आणि शिजणाऱ्या कोबीचा वास येतो. मांस म्हणजे फार काही नाही; १९५१ च्या सुरुवातीला माणशी आठवड्याला आठ पेन्सचं.

राजकारणावर वाद व्हायचे का?

बेताने. संसदेत पंधरा दिवसांच्या आत जो विषय येणार, त्यावर रेडिओवर चर्चा नाही, असा दंडक १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत होता. लोकसभेआधी चौकात तोंड उघडायचं नाही, असा प्रकार.

क्रिकेट? ते सांगा की.

दिवसभर चेंडूगणिक समालोचन १९५७ पासून. त्याआधी तुकड्या-तुकड्यांत, अधूनमधून. पण सर्वांत गाजलेला समालोचक आपल्या संघामुळे घडला. जॉन आर्लट हे आधी साउदॅम्प्टनचे पोलीस, मग बीबीसीच्या पौर्वात्य विभागात कविता-साहित्याचे कार्यक्रम करणारे. युद्धात लेखक जॉर्ज ऑर्वेल जे काम करत ते यांच्याकडे आलं. १९४६ मध्ये हिंदुस्थानचा संघ पतौडींच्या नेतृत्वाखाली आला, मर्चंट, हजारे, मंकड, आणि हिंदुस्थानासाठी त्याचं वर्णन करायला आर्लटना धाडलं. हॅम्पशायरचा जाड, गावरान उच्चार. साहेबी समालोचकांत उठून दिसणारा. पुढची ३४ वर्षं तो आवाज टिकला.

७ जून १९५२ चा हेडिंग्ली कसोटीचा दिवस मात्र ज्यांनी रेडिओवर ऐकला त्यांची कीव येते. दुसऱ्या डावात आपली धावसंख्या शून्य आणि बळी चार. रॉय, गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर. पहिल्या डावात याच मांजरेकरांनी १३३ केले होते.

बीबीसीवर मराठी होतं का?

होतं, पण ब्रिटनमधल्या श्रोत्यांसाठी नव्हे. समुद्रापलीकडे जाणाऱ्या लघुलहरींवर, मार्च १९४२ पासून १९५८ च्या डिसेंबरपर्यंत. युद्धात पौर्वात्य विभागाचं बस्तान ऑक्सफर्ड स्ट्रीटवर होतं, आणि तिथे कोल्हापूरजवळच्या शिरोळच्या वेणू चितळे काम करायच्या. ऑर्वेलबरोबर हिंदुस्थानसाठीचे कार्यक्रम, शिवाय ब्रिटिश गृहिणींना रेशनमध्ये भागवायला शिकवणाऱ्या कार्यक्रमात शाकाहारी पदार्थ. मांस मिळत नाही म्हणून रडणाऱ्या देशाला मांसाशिवाय चविष्ट कसं जेवायचं हे शिरोळच्या मुलीने सांगावं, यापरता न्याय नाही.

रेडिओच बंद पडला, असं कधी झालं?

फेब्रुवारी १९४७. हाडं गोठवणारा हिवाळा, कोळसा संपलेला, वीज तुटपुंजी. टीव्ही बंद, थर्ड प्रोग्रॅम बंद, लाइट आणि होमने रात्री लवकर गाशा गुंडाळला. साप्ताहिकंही दोन आठवडे छापली नाहीत, म्हणजे कार्यक्रमपत्रिकाही हातात नाही.

दुसरी वेळ ६ फेब्रुवारी १९५२. सकाळी सव्वाअकराला निवेदक जॉन स्नॅगने राजा सहावा जॉर्ज गेल्याचं सांगितलं आणि नेहमीचे सगळे कार्यक्रम थांबले. राहिल्या फक्त बातम्या आणि जहाजांसाठीचं हवामान. समुद्राला दुखवटा पाळून भागत नाही.

टीव्हीने रेडिओला कधी मागे टाकलं?

२ जून १९५३, राणीचा राज्याभिषेक. रेडिओपेक्षा टीव्हीपुढे जवळजवळ दुप्पट माणसं होती. तरी रेडिओने एक शेवटचा डाव टाकला. २२ सप्टेंबर १९५५ ला व्यापारी टीव्ही सुरू झाला, आणि त्याच संध्याकाळी ‘आर्चर्स’मधल्या ग्रेस नावाच्या तरुण सुनेला तबेल्याच्या आगीत मारलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत नव्या टीव्हीपेक्षा ग्रेसच जास्त. लोकांनी फुलं पाठवली. ३० सप्टेंबर १९६७ ला लाइट, थर्ड आणि होम ही नावंच पुसली गेली आणि त्यांच्या जागी आकडे आले : दोन, तीन, चार.

रात्रीचा शेवट कसा व्हायचा?

अकराच्या पुढे लाइटवर नाचाचं संगीत, हळू होत गेलेलं. ड्रॉइटविच प्रक्षेपण केंद्राच्या उंच मनोऱ्यांवरून १५०० मीटरची लाँग वेव्ह निघायची, ती उत्तर समुद्रातल्या मासेमारी बोटींपर्यंत पोचायची, म्हणून जहाजांचं हवामान याच केंद्रावर. डॉगर, फेअर आयल, हंबर, टेम्स, ही समुद्राच्या विभागांची नावं. वारा नैर्ऋत्येचा, जोर पाच, नंतर सात. समुद्र कधी न पाहिलेली माणसंही ही नावं स्तोत्रासारखी ऐकायची. मध्यरात्रीच्या सुमारास शेवटच्या बातम्या, निवेदकाचा निरोप, आणि मग वाहक लहर तुटायची. सेटमध्ये नुसती खरखर. खुंटी उलटी पिळली की काचेमागचा दिवा लगेच विझतो, पण व्हॉल्व्हचा तांबूस ठिपका अजून काही क्षण दिसत राहतो. माझ्या टेबलावरच्या मर्फी रेडिओत तो सगळ्यात डावीकडच्या व्हॉल्व्हमध्ये सर्वांत उशिरापर्यंत राहतो. का, ते अजून सापडलेलं नाही.